कॅथलिक हायस्कूलचं ध्येय नेमकं काय असतं आणि पालकांनी ते कुठं तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सविस्तरच लिहायचं ठरवलं, कारण हाच प्रश्न मला पालकसभा संपल्यावर जिन्यात, लग्नाच्या मांडवात, लोकलमध्ये कितीतरी जणांनी विचारलाय, फक्त बहुतेक जण अर्धाच विचारतात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई गिरगावात राहतात, मुलाला पाचवीला दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या जेझुइट शाळेत (जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) ऍडमिशन मिळतेय. प्रॉस्पेक्टसच्या पहिल्याच पानावर शाळेचं ध्येय छापलंय, त्यात ख्रिस्ताचं नाव आहे आणि दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवायची असंही लिहिलंय, पुढच्या पानावर दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सासरे म्हणतात मिशनऱ्यांची शाळा आहे, नीट विचार करा. मिस्टर म्हणतात शिस्त आणि इंग्रजी चांगलं मिळेल, बाकीचं सोडा. आणि ताईंना हवंय ते असं की या शाळांचा खरा हेतू काय होता, आज काय आहे, आणि माझ्या मुलाचं तिथं काय होईल.

मी वसईचा कॅथलिक, घरात बोली मराठी, इतिहास आणि मराठी हे माझे विषय, नोकरीची सगळी वर्षं कॅथलिक हायस्कूलांतच गेली, आधी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या शाळेत आणि नंतर जेझुइटांच्या, शेवटी सुपरवायझर होतो. म्हणजे मी आतला माणूस आहे, हे लक्षात ठेवून वाचा. पण आतल्या माणसाला एक गोष्ट बघायला मिळते जी प्रॉस्पेक्टसमध्ये नसते, ती म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, प्रत्येक मुलाच्या दाखल होण्याची आणि शाळा सोडण्याची नोंद असलेलं. ज्युबिलीच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडं आलं तेव्हा जुनी रजिस्टरं कपाटातून काढून पानन् पान बघितली आणि शाळेच्या ध्येयाबद्दलचं माझं मत तिथं बनलं. ते मत असं की छापलेलं ध्येय खोटं नसतं, पण ते खरं किती हे कळतं शाळेनं कुठल्या काळात कुणाची मुलं आत घेतली आणि मागं पडलेल्या मुलाचं पुढं काय केलं त्यावरून. खाली जे लिहितोय ते सगळं याच्याच आधारानं आहे.

आधी एक खुलासा, कारण बरंचसं यावर अवलंबून आहे. "मिशनरी शाळा" म्हणून आपण जे एकत्र मोजतो ते सगळं एक नाही. विल्सन, बॉम्बे स्कॉटिश, कॅथेड्रल, देवळालीचं बार्न्स, या प्रोटेस्टंट परंपरेतल्या संस्था. कॅथलिकांत परत प्रकार आहेत. काही शाळा चर्चच्या आवारातल्या, धर्मप्रांताच्या, मुंबईत त्या आर्चडायोसिसन बोर्ड ऑफ एज्युकेशनखाली येतात आणि त्यांचे मुख्याध्यापक, शिक्षक एका शाळेतून दुसरीकडं बदलूनही जातात. काही शाळा धर्मसंघांच्या, म्हणजे जेझुइट (आम्ही मराठी ख्रिस्ती त्यांना येसूसंघीय म्हणतो), डॉन बॉस्कोवाले सेलेशियन, आणि मुलींच्या कॉन्व्हेंट चालवणाऱ्या सिस्टरांचे वेगवेगळे संघ. प्रत्येक संघाचा स्वभाव वेगळा, डॉन बॉस्कोवाल्यांचा जोर मुलांत मिसळण्यावर, मैदानावर आणि हाताच्या कामावर, जेझुइटांचा वाचन, वाद, नाटक, विचार करायला लावणं यावर. आणि शेवटी काही शाळा अशा असतात की नावात सेंट आहे, कॉन्व्हेंट आहे, पण चर्चशी संबंध शून्य, एखाद्या खासगी ट्रस्टनं नाव चांगलं वाटलं म्हणून ठेवलेलं. तेव्हा शाळा कुठली हे पहिलं बघा. तुमची जेझुइटांची आहे म्हणून मी पुढं त्यांच्याबद्दलच बोलतो, सिस्टरांच्या कॉन्व्हेंटला यातलं निम्मंच लागू पडेल.

आता इतिहास. मुंबईत वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चं, माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, पुण्याला कॅम्पातलं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं, आणि धोबी तलावचं सेंट झेवियर्स १८६९ चं, त्याच वर्षी कॉलेजही. चार मोठ्या शाळा सहा वर्षांत, आणि चारही जेझुइटांच्या. योगायोग नाही हा. १८५४ साली वूडचा खलिता, म्हणजे इंग्रज सरकारचा शिक्षणाबद्दलचा आदेश आला, त्यानं खासगी संस्थांनी चालवलेल्या शाळांना सरकारी ग्रँट द्यायचं धोरण आणलं. १८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं, मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि मॅट्रिक झालेल्या मुलाला कंपनीत, रेल्वेत, कस्टममध्ये, सरकारी कचेरीत जागा मिळायला लागली. मुंबईच्या कॅथलिकांना, म्हणजे इथले मूळचे ईस्ट इंडियन आणि नोकरीसाठी आलेले गोवेकर, आपली मुलं यात मागं पडतील ही भीती होती. चर्चला दुसरी भीती होती की ही मुलं इंग्रजीसाठी प्रोटेस्टंटांच्या शाळेत जातील. जर्मन जेझुइट त्याच दशकात मुंबईत येऊन स्थिरावले होते आणि शाळा चालवणं हे त्यांचं जुनं काम, पहिली शाळा त्यांनी १५४८ ला सिसिलीतल्या मेसिना इथं काढली होती आणि १५९९ पासून त्यांच्याकडं शाळा कशी चालवायची याची लेखी पद्धत होती. गरज, पैसा, माणसं हे तिन्ही एकाच वेळी जमून आलं.

पण या शाळा एकाच संघाच्या असूनही सुरुवातीला एकसारख्या नव्हत्या. स्टॅनिस्लॉस सुरू झालं इथल्याच अनाथ मुलांसाठी. त्या काळच्या मुंबईत पटकी, ताप, दुष्काळ, आईबाप गेलेली पोरं चर्चच्या दारात यायची, त्यांना सांभाळायचं आणि शिकवायचं म्हणून ती संस्था, पुढं तिचं हायस्कूल झालं आणि हॉकीमुळं नाव झालं. सेंट मेरीज प्रामुख्यानं लष्करातल्या आणि युरोपियन, अँग्लो इंडियन घरांतल्या मुलांसाठी होतं. झेवियर्स शहरातल्या, घरून येऊन जाऊन शिकणाऱ्या मुलांसाठी, आणि तिथं पारशी, हिंदू मुलं पहिल्यापासून येत राहिली. मला यातून काय दिसतं ते सांगतो. ध्येयाचं वाक्य चौघांचं सारखंच असणार, देवाच्या अधिक गौरवासाठी, जे जेझुइटांच्या प्रत्येक कागदावर असतं, पण दारात कोण उभा आहे त्यावरून शाळेचं रूप ठरलं. म्हणून इतिहास वाचताना स्थापनेच्या तारखेपेक्षा पहिल्या वर्गात कोण बसलं होतं ते शोधा, प्रॉस्पेक्टसमध्ये नसेल तर ऑफिसात विचारा. ज्या शाळेला आपला पहिला वर्ग आठवतो तिथं अजून त्या मुलासाठी काहीतरी जागा असते असा माझा अनुभव आहे.

सासऱ्यांच्या शंकेकडं येतो, ती टाळायची नाही. धर्मप्रसार हा त्या काळच्या मिशनऱ्यांचा उघड हेतू होता का? होता. हेच जेझुइट १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात गेले, तिथं गावोगाव काम झालं, लोक ख्रिस्ती झाले, शाळाही निघाल्या, आजही संगमनेर, श्रीरामपूर, राहाता भागात तो समाज आहे आणि त्या शाळांतून मराठीतच शिकून वर आलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना विचारलं तर ते शाळेबद्दल कृतज्ञच बोलतील. त्या बाप्तिस्म्यांमागं भूक किती होती, जातीनं जे भोगायला लावलं ते किती होतं आणि श्रद्धा किती होती यावर प्रामाणिकपणे बोलायला हवं आणि चर्चमध्येही ते बोललं जातं. पण शहरातल्या हायस्कूलांची गोष्ट वेगळी आहे. त्या निघाल्या आधीच पिढ्यान् पिढ्या कॅथलिक असलेल्या घरांसाठी, आणि इतर समाजाची मुलं आली ती शिकायला. माझ्यासमोरच्या रजिस्टरात धर्माचा रकाना होता, दाखल होताना हिंदू लिहिलेला मुलगा शाळा सोडतानाही हिंदूच, पानामागून पान. आणि ढोबळ हिशेबही तेच सांगतो, दीडशे वर्षं या शाळांतून हिंदू, पारशी, मुसलमान, जैन, ज्यू मुलांच्या पिढ्या शिकून गेल्या, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १ टक्काच आहेत. सुनील गावस्कर झेवियर्सचे, झुबिन मेहता सेंट मेरीजचे, कुणाचा धर्म शाळेनं हलवला नाही.

पुढचा टप्पा पहिल्या महायुद्धाचा, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि शाळा चालवणारे जर्मन फादर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवलं, नंतर देशाबाहेर पाठवलं. मुंबईच्या शाळा बंद पडायला पाहिजे होत्या, पण इतर देशांतले जेझुइट, इथले धर्मगुरू आणि मुख्य म्हणजे इथले साधे शिक्षक, त्यांत कॅथलिकही आणि हिंदू, पारशीही, यांनी मिळून त्या तगवल्या, आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या आरागॉन प्रांताचे जेझुइट आले. झेवियर्स कॉलेजात इतिहास संशोधनाची संस्था उभी करणारे फादर हेन्री हेरास हे त्याच लाटेतले, १९२२ ला आलेले. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण शाळा परदेशी फादरांच्या जिवावर चालते हा समज तेव्हाच खोटा पडला होता. पुढं १९५० ला व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि हळूहळू मुख्याध्यापकांच्या खुर्च्यांवर डिसोजा, परेरा, लोबो, मस्करेन्हस बसायला लागले. आज तर एका शाळेत जेझुइट फादर असतात एक किंवा दोन, बाकी सगळा स्टाफ तुमच्याआमच्यासारखा, जोशी मॅडम, शेख सर, तुस्कानो मिस.

मग १९५४. हे तुमच्या मिस्टरांना जरूर सांगा. त्या वर्षी जानेवारीत तेव्हाच्या मुंबई सरकारनं आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी फक्त अँग्लो इंडियन आणि आशियाई वंशाची नसलेली मुलं घ्यायची, बाकीच्यांना प्रवेश नाही. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये एका भारतीय ख्रिश्चन मेजरच्या मुलीला आणि एका गुजराती हिंदू डॉक्टरांच्या मुलाला त्यामुळं प्रवेश नाकारावा लागला, शाळा आणि पालक दोघंही कोर्टात गेले, आणि सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी तो आदेश रद्द ठरवला. घटनेच्या कलम २९(२) चा आधार होता, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही. बार्न्स कॅथलिक नाही हे वर सांगितलंच, पण निकाल सगळ्यांनाच लागू झाला. तो आदेश टिकला असता तर गिरगाव, दादर, पार्ल्यातल्या मराठी घरांना या शाळांची दारं बंद झाली असती. अल्पसंख्याकांची शाळा म्हणजे इतरांना दार बंद असं लोकांना वाटतं, इथं तर शाळाच इतरांना आत घेता यावं म्हणून लढली.

आणि आता ज्यामुळं प्रॉस्पेक्टसमधलं ते "दुसऱ्यांसाठी" आलं, तो टप्पा. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, १९६२ ते ६५ भरली. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी तिथं दोन घोषणापत्रं मंजूर झाली, एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल, दुसरं इतर धर्मांशी चर्चचं नातं कसं असावं याबद्दल. दुसऱ्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा आदरानं उल्लेख आहे आणि म्हटलंय की या धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. भारतातल्या कॅथलिक शिक्षकांना ही दोन्ही एकत्रच वाचावी लागतात, कारण आमच्या वर्गात बहुसंख्य मुलं इतर धर्मांचीच. मग १९७३ ला स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया इथं माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी भाषण केलं. समोर बसलेले वकील, डॉक्टर, उद्योगपती, सगळे त्यांच्याच शाळांचे, आणि अरुपे त्यांना म्हणाले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, तर खरं उत्तर नाही असंच द्यावं लागेल, आणि यापुढं आमच्या शिक्षणाचा हेतू इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हाच असला पाहिजे. काही माजी विद्यार्थी चिडलेसुद्धा. पण जगभरातल्या जेझुइट शाळांच्या ध्येयात ते शब्द गेले, तुमच्या हातातल्या प्रॉस्पेक्टसमध्येही तिथूनच आलेत. आपल्याच यशस्वी विद्यार्थ्यांसमोर उभं राहून असं बोलणारा प्रमुख ज्या संघाला मिळाला त्या संघाच्या शाळेत मला काम करता आलं याचा मला मनापासून अभिमान आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: सुरुवात आपल्या समाजाच्या मुलांसाठी आणि अनाथांसाठी, मग मॅट्रिक आणि नोकरी हवी असलेल्या सगळ्या शहरासाठी, स्वातंत्र्यानंतर कायद्यानं आणि स्वतःच्या इच्छेनंही सर्वांसाठी, आणि १९६५-७३ नंतर गरिबाची बाजू घेण्यासाठी. ध्येय एकदा ठरलं आणि तसंच राहिलं असं झालेलं नाही, प्रत्येक वळणावर ते बदलून घ्यावं लागलं.

आता रोजच्या वर्गात काय होतं. सकाळी असेंब्लीत प्रार्थना होते, बहुतेक ठिकाणी ती देवाला उद्देशून असते, कधी ख्रिस्ती, कधी सर्वधर्मीय, मग प्रतिज्ञा, राष्ट्रगीत. वर्गात भिंतीवर क्रूस असतो. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी बाकीची मुलं व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला दुसऱ्या वर्गात बसतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी काही शाळांत कॅथलिक मुलांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना असते, बाकीच्यांना यायची सक्ती नसते. शाळेच्या संताचा सण होतो, ख्रिसमसचा कार्यक्रम होतो, त्यातल्या येशूजन्माच्या नाटकात तुमचा मुलगा मेंढपाळ झाला तर घाबरू नका, माझ्या वर्गातला सर्वात चांगला योसेफ एका कीर्तनकाराचा नातू होता आणि आजोबा पहिल्या रांगेत बसून बघत होते. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. घटनेच्या कलम २८(३) प्रमाणं सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आणि २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना जी मार्गदर्शक सूचना दिली तीत इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, असेंब्लीत घटनेची उद्देशिका वाचा असं म्हटलंय. तरीही तुम्हाला प्रार्थनेबद्दल शंका असेल तर वर्गशिक्षकांशी पहिल्याच महिन्यात बोला, मनात ठेवू नका. आम्हाला असे पालक आवडतात, खरंच, कारण न बोललेली शंका तीन वर्षांनी भांडण होऊन येते.

मराठीचं काय, हे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंत पण माझ्यासाठी ते शेवटचं नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची आहे, त्यामुळं विषय असणारच. पण विषय असणं आणि भाषा जगणं यात अंतर आहे. वसईत आणि नगरकडं कॅथलिकांनी मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्यात आणि त्यातून लेखक, संपादक, शिक्षक घडलेत, मी स्वतः तसल्याच शाळेचा. शहरातल्या इंग्रजी शाळांत मात्र मराठीचा शिक्षक कोण आहे त्यावर सगळं अवलंबून. शाळेच्या वार्षिक अंकात मराठी विभाग किती पानांचा आहे ते बघा, मराठी नाटक, वक्तृत्व होतं का ते विचारा, आणि घरी तुम्ही त्याच्याशी मराठीतच बोला, वाचून दाखवा, हे शाळेवर सोपवू नका.

जिथं माझं या शाळांशी पटत नाही तेही लिहितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, हे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं प्रमती खटल्यात ठरवलं. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या बेंचनं त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडं न्यावा असं म्हटलंय, पुढं काय होईल ते होईल. कलम ३० चा हक्क मला मोलाचा वाटतो, १ टक्का समाजाला आपली शाळा आपल्या पद्धतीनं चालवता आली पाहिजे. पण कायदा लागू नाही म्हणून जबाबदारीही नाही असं जेव्हा एखादी शाळा वागते तेव्हा मला फार वाईट वाटतं. अनुदानित विभागात शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी कमी, म्हणून वॉचमनचा, भाजीवाल्याचा, कोळीवाड्यातला मुलगा तिथं दिसतो. त्याच आवारात विनाअनुदानित विभाग निघाला, दुसरं बोर्ड आलं, फी कितीतरी पट झाली, की काही वर्षांत वर्गातले चेहरे बदलतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. इमारत चांगली होते, स्मार्ट बोर्ड येतात, निकाल वाढतो, आणि अनाथ पोरांसाठी सुरू झालेल्या परंपरेत अनाथ पोर दाखवायला मिळत नाही. मुख्याध्यापकांची अडचणही खरी आहे, सरकार वेतनेतर अनुदान वेळेवर देत नाही, रिक्त जागा भरायला परवानगी मिळत नाही, जुनी इमारत दुरुस्त करायला पैसे लागतात, कुठून आणणार. पण काही शाळा याच अडचणींत राहूनही माजी विद्यार्थ्यांच्या मदतीनं फीमाफी चालवतात, संध्याकाळी आवारात वस्तीतल्या मुलांचे वर्ग घेतात, तेव्हा जमत नाही असं नाही.

म्हणून माझा सल्ला असा की ध्येयाचा परिच्छेद बाजूला ठेवा आणि चार गोष्टी विचारून या. गेल्या वर्षी किती मुलांना फीत सवलत दिली आणि ती कशी ठरते, हा पहिला. दुसरा, नववीत नापास होणाऱ्या मुलाचं शाळा काय करते. हा प्रश्न मी मुद्दाम सांगतोय, कारण दहावीचा निकाल शंभर टक्के ठेवायला कमजोर मुलाला नववीतच दाखला हातात देणं हा रोग सगळीकडं आहे, आणि जुन्या रजिस्टरात "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात मला शाळेचं मन सर्वात जास्त वाचता आलं. एका काळात तिथं "फी थकली" दिसायचं आणि नंतर त्याच नावापुढं "पुन्हा दाखल, फी माफ", कुणातरी फादरची सही. दुसऱ्या काळात नुसतंच "पालकांच्या विनंतीवरून", एकाखाली एक, सगळे नववीचे. तिसरा प्रश्न, समाजसेवेचा तास असतो तो वर्षभर चालतो की एक दिवस अनाथाश्रमात फळं वाटून फोटो काढून संपतो. वर्षभर एकाच वस्तीत, एकाच वृद्धाश्रमात जाणारी मुलं बदलतात, फळं वाटणारी नाही बदलत. चौथा, इतर धर्मांचे शिक्षक सुपरवायझर, उपमुख्याध्यापक पदापर्यंत पोचलेत का.

ही उत्तरं ऑफिसातल्या क्लार्कपेक्षा माजी विद्यार्थी आणि आत्ताचे पालक खरी देतील. सुटायच्या वेळी गेटवर अर्धा तास उभ्या राहा, सातवी आठवीच्या मुलांच्या आयांशी बोला, शिपाई मुलांशी कसं बोलतात ते बघा. फी माफीच्या प्रश्नावर ऑफिस चाचरलं तर लगेच वाईट अर्थ काढू नका, काही शाळा मुलाची लाज राखायला हे गुपचूप करतात, आकडा सांगत नाहीत पण पद्धत सांगतात, पद्धत सांगता आली पाहिजे.

तुमच्या मुलाबद्दल: तो बुजरा आहे, मराठी माध्यमातून येतोय असं तुम्ही लिहिलंय. पाचवीत माध्यम बदलणं जड जातं, पहिले सहा महिने मार्क पडतील, त्यावरून शाळा वाईट ठरवू नका. जेझुइट शाळेत स्टेजवर बोलायला, नाटकात, वादविवादात उभं करतात, ही त्यांची १५९९ पासूनची सवय आहे, बुजऱ्या मुलाला त्यातून फायदा होतो पण सुरुवातीला कुणीतरी हात धरावा लागतो. म्हणून ऍडमिशन घेतलीत तर जूनमध्येच वर्गशिक्षकांना भेटून एवढं सांगा की याला पहिल्या वर्षी समूहगानात, समूहनाट्यात घ्या, एकट्याचं भाषण दिवाळीनंतर. आणि इंग्रजीच्या सरांना विचारून घ्या की माध्यम बदलून आलेल्या मुलांसाठी शाळेनंतर जादा तास आहेत का. नसतील तर दोन चार तशा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज द्या. मी सुपरवायझर असताना असे अर्ज आले की वर्ग सुरू करता यायचा, कारण कुणी मागितलं नाही तर ट्रस्टपुढं आम्हाला काही मांडता येत नसे.